ऱ्हाइनकाठचा शिमगा

स्वित्झर्लंडच्या उत्तर सीमेवर, जेथे ऱ्हाइन नदी पश्चिमेची वाट सोडून एकाएकी उत्तरेकडे वळते, त्या वळणावर बासेल हे जुने शहर वसले आहे. नदीचा डावा तीर उंच आहे. त्यावर तांबड्या वालुकाश्मात बांधलेले, दोन मनोऱ्यांचे मुन्स्टर नावाचे प्रार्थनामंदिर उभे असून त्याच्या आसपास अरुंद, चढउतारांच्या गल्ल्या पसरल्या आहेत. उजवा तीर सखल आहे. त्या बाजूच्या वस्तीला धाकटे बासेल म्हणतात. या दोन वस्त्यांची चढाओढ फार जुनी आहे. थोरल्या बासेलच्या पुलावरील वेशीवर पूर्वी एका राजाचे मुंडके बसविलेले होते. यंत्राच्या योगाने ते डोळे फिरवी आणि समोरच्या तीराकडे पाहून लांब जीभ बाहेर काढी! १८३९ मध्ये ती वेस पाडली गेली. परंतु वेडावणाऱ्या राजाला मात्र लोकांनी जपून संग्रहालयात ठेवले आहे.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात या शहरात एक तरुणी राहावयास आली. ती मूळची चिपळूणजवळच्या, वाशिष्ठीच्या काठच्या एका खेड्यातली. मुंबईस रसायनशास्त्राचे शिक्षण पुरे करून तिने बासेलमधील एका औषधांच्या प्रयोगशाळेत वर्षाच्या कराराने नोकरी धरली होती. कापड रंगविण्याचे रंग तयार करण्याच्या धंद्यातून या शहरात औषधांचे कारखाने वाढले, आणि त्यांपायी देशोदेशीची माणसे येथे येतात. त्यांतलीच ती एक. सोमवार ते शुक्रवार काम असे, तोवर तिला परकेपणाची जाणीव फारशी होत नसे. काचेच्या नळ्या आणि तराजू सगळ्या देशांत सारखेच! खरी परीक्षा शनिवारी-रविवारी होई.

पहिल्याच रविवारी तिने तळघरातील सामाईक धुलाईयंत्रात कपडे टाकून यंत्र सुरू केले. पाच मिनिटांच्या आत खालच्या मजल्यावरील एक वृद्ध बाई काठी टेकीत तळघरात आल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि त्या एवढेच म्हणाल्या, "आज रविवार आहे."

त्या तीन शब्दांत केवढा मोठा अर्थ भरला होता, हे तिला पुढे समजले. त्या देशात रविवार हा शांततेचा दिवस. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकावयाच्या नाहीत, कारण खळखळ आवाज होतो. बागेतले गवत यंत्राने कापावयाचे नाही. जिच्या गावी रविवारचा आणि बुधवारचा गलबला सारखाच, तिला ती शांतता अंगावर येई. अशा वेळी घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते आणि आपण घरापासून किती लांब आलो आहोत, याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो.

आईला ते दूरध्वनीवरील आवाजावरूनच कळले. "सुटीच्या दिवशी चार भिंतींत बसू नको गो," ती म्हणाली. "तिथे नदी आहे ना? मग नदीवर जा."

ती नदीवर गेली, आणि पाहते तो सारे शहर नदीत उतरलेले! ऑगस्टच्या उन्हात शेकडो माणसे, म्हातारी आणि पोरेसुद्धा, ऱ्हाइनच्या प्रवाहाबरोबर निवांत वाहत चालली होती. प्रत्येकाजवळ माशाच्या आकाराची एक रंगीत पिशवी. तीत कपडे, जोडे, किल्ल्या भरून तोंड घट्ट गुंडाळले की ती पाणी आत येऊ देत नाही, उलट धरून तरंगावयास उपयोगी पडते. वर एका घाटावर पाण्यात शिरावयाचे आणि खाली दूर कोठेतरी बाहेर पडून, पिशवीतले कपडे अंगात घालून घरी चालू लागावयाचे, असा त्यांचा क्रम. कचेरीतून परतण्याची ही रीत पाहून तिला मोठी मौज वाटली.

परंतु तिचे मन जडले ते तरीवर. बासेलमध्ये ऱ्हाइनवर पूल आहेत, तरीही चार लाकडी तरी अजून माणसांची ने-आण करतात, आणि त्यांपैकी एकीलाही इंजिन नाही, शीड नाही, वल्हे नाही. नदीवर या तीरापासून त्या तीरापर्यंत एक पोलादी तार उंच ताणलेली असते. तारेवरून एक कप्पी सरकते आणि कप्पीला दोराने नाव बांधलेली असते. नावाडी सुकाणू फिरवून नावेला प्रवाहाशी तिरपी उभी करतो. पाणी तिला खाली ढकलू पाहते. दोर तिला खाली जाऊ देत नाही. मग ती बिचारी आडवी, पैलतीराकडे सरकू लागते. परत येताना तिरपेपणा उलट करावयाचा, एवढेच. जी नदी वाट अडविते, तीच वाट काढून देते. वाशिष्ठीच्या तरीवर बांबू टेकवून टेकवून घामाघूम होणारे तांडेल तिने लहानपणी पाहिले होते. हे पाहून त्यांना काय वाटले असते, असे तिच्या मनात येई.

तरीतून जाताना तिला तेथील एक म्हणही कळली. कोणी फार थापा मारू लागला, की बासेलचे लोक म्हणतात, "हे तू तरीवाल्याला सांग!" तरीवाला सगळ्यांचे ऐकून घेतो आणि कोणाचे खोटे करीत नाही. म्हणूनच की काय, पुष्कळ लोक आपली खरी दुःखेही त्यालाच सांगतात.

मग शनिवार-रविवार भरू लागले. एका दुपारी ती ट्रामने जर्मनीत जाऊन आली आणि संध्याकाळी दुसऱ्या ट्रामने फ्रान्समध्ये. तिन्ही देशांच्या सीमा येथे भिडलेल्या आहेत. एका रविवारी तिने आउग्स्ट येथील रोमन नगराचे अवशेष पाहिले. तेथील प्राचीन प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर शाळेची मुले डबे उघडून बसली होती. हे सगळे पाहण्यासारखे खरे. परंतु पाहून झाले की ते पाहून झाले. सणांचे तसे नसते. सण हा पाहणाऱ्याला बाजूला उभे राहू देत नाही. आत तरी ओढतो, नाही तर परका असल्याची आठवण तरी करून देतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस शरदातली जत्रा भरली. १४७१ मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने शहराला जत्रा भरविण्याचा हक्क दिला, तेव्हापासूनची ही जत्रा. शनिवारी भर दुपारी बारा वाजता सेंट मार्टिनच्या चर्चची घंटा वाजते आणि जत्रा सुरू होते. घंटा वाजविणाऱ्याला मजुरी म्हणून हातमोज्यांची जोडी मिळते, परंतु कशी? घंटा वाजवून जत्रा उघडली की एक हातमोजा, आणि पंधरा दिवसांनी घंटा वाजवून जत्रा संपविली की दुसरा! खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती खूप हसली. धुलाईयंत्राच्या प्रसंगानंतर त्या दोघींची चांगलीच गट्टी जमली होती. आजींचे जर्मन सावकाश आणि स्पष्ट असे, आणि हिचे जर्मन सुधारण्याचा त्यांनी जणू विडाच उचलला होता.

"एका हातमोज्याचा काय उपयोग?" तिने विचारले.

"म्हणून तर दुसरा घ्यायला तो येतोच," आजी म्हणाल्या.

डिसेंबरात धुके पडले आणि त्याच सुमारास घरून वाईट बातमी आली. आई अंगणात घसरून पडली होती. पायाचे हाड मोडले होते. भाऊ येऊन तिला डोंबिवलीस घेऊन गेला आणि गावच्या घराला कुलूप लागले. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई त्या घरात एकटीच राहत होती. आणि ती का राहत होती, हे मुलांना ठाऊक होते. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर येते. वर्षभर आपण देवाकडे जातो. त्या एका दिवशी देव आपल्याकडे येतो. त्यासाठी मुंबईचे चाकरमानी रात्रभर गाडीत उभे राहून गावी पोचतात. त्या दिवशी कोणाच्या दाराला कुलूप असावे, याहून दुसरी लाज नाही.

"एक वर्ष दार बंद राहिले तर देव काही रागवायचा नाही," आई म्हणाली. परंतु तिचा आवाज निराळेच सांगत होता.

करार पुढे वाढवावयाचा की नाही, हे मार्चअखेर कळवावयाचे होते. परत जावे, असे तिला वाटू लागले. जानेवारीत धाकट्या बासेलचा सण आला. १३, २० किंवा २७ जानेवारी, यांपैकी एका दिवशी आळीपाळीने तो होतो. मुळासकट उपटलेले सुरूसारखे झाड हाती घेतलेला एक रानमाणूस तराफ्यावरून नाचत ऱ्हाइनमधून येतो. ढोल वाजतात, लहान तोफा उडतात. मग पुलावर सिंह आणि ग्रिफिन नावाचा गरुडमुखी प्राणी त्याला येऊन मिळतात आणि बाराच्या ठोक्याला तिघेही नाचतात. या रानमाणसाचा एक नियम फार कडक आहे. नदीतून येताना तो थोरल्या बासेलकडे सतत पाठ ठेवतो. चुकूनही तिकडे तोंड करीत नाही. लोक टाळ्या पिटीत होते. दुपारच्या सुटीत धावत पुलावर आलेली ती मात्र त्या पाठीकडे पाहत राहिली. तिला वाटले, आपणही कोणाकडे तरी पाठ करूनच उभ्या आहोत. फक्त कोणाकडे, ते समजत नाही.

याच दिवसांत तिच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावरून एक आवाज येऊ लागला. टक टक, टरर, टक. रोज संध्याकाळी, अर्धा तास. तेथे बारा वर्षांचा एक मुलगा राहत असे. तो लाकडी ठोकळ्यावर ढोलाचे हात बसवीत होता. बासेलचा ढोल वाजविणे सोपे नाही. मुले वर्षानुवर्षे शिकतात, आणि खऱ्या ढोलाला हात लावण्यापूर्वी असे ठोकळे बडवून शेजाऱ्यांना छळतात. प्रथम ती वैतागली. मग एके संध्याकाळी भात शिजत असताना आपली बोटे भांड्याच्या झाकणावर तोच ठेका धरीत आहेत, असे तिच्या लक्षात आले.

"फासनाख्त जवळ आला," आजी म्हणाल्या. "त्याच्याजवळचा ढोल माझ्या यजमानांचा आहे. पन्नास वर्षे त्यांनी तो वाजविला. त्यांच्या मंडळाचे पोशाख मी शिवत असे."

फासनाख्त हा बासेलचा सर्वांत मोठा सण. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वी मनमुराद मौज करून घ्यावी, म्हणून युरोपात हे उत्सव सुरू झाले. १५२९ मध्ये बासेलने जुना पंथ सोडून प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. अशा बहुतेक शहरांत हे उत्सव बंद पडले. बासेलमध्ये ते टिकले. एवढेच नव्हे, तर इतरांचा उत्सव संपून उपवास सुरू झाल्यावर, पुढच्या सोमवारी, बासेलकर आपला उत्सव सुरू करतात! २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात त्याची नोंद केली. सोमवारी पहाटे चार वाजता तो सुरू होतो आणि गुरुवारी पहाटे चार वाजता संपतो. बहात्तर तास, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही.

हा सोमवार दरवर्षी निरनिराळ्या तारखेला का येतो, असे तिने विचारले, आणि उत्तर ऐकून ती चकित झाली. त्याचा हिशेब चंद्रावर आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. ईस्टरच्या एकेचाळीस दिवस आधीचा सोमवार तो फासनाख्तचा पहिला दिवस. तिने लगेच भिंतीवरची, घरून आणलेली दिनदर्शिका काढली. २०२५ चा फासनाख्त १० मार्चला सुरू होऊन १३ मार्चच्या पहाटे संपत होता. आणि १३ मार्चच्या रात्री होळी होती! गावी पंचमीपासूनच शिमगा सुरू झालेला असणार. म्हणजे एकाच चंद्राच्या उजेडात दोन्ही गावे ढोल बाहेर काढीत होती.

"मला घेऊन चल," आजी म्हणाल्या. "गुडघ्यांमुळे दोन वर्षे मी खाली उतरलेली नाही. एकटीने जाणे आता जमत नाही."

सोमवारी रात्री तीन वाजता त्या दोघी निघाल्या. आजींच्या एका हातात काठी, दुसरा हात तिच्या दंडात. थंडी चांगलीच बोचत होती. शहरात अलोट गर्दी, परंतु आरडाओरडा कोठेही नाही. बाजारचौकाजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी त्यांना एक पायरी मिळाली. समोर अंधुक उजेडात एक मंडळ रांग धरून उभे होते. सगळ्यांच्या तोंडावर मोठमोठे मुखवटे, डोक्यावर लहान कंदील, आणि मध्ये दीड-दोन पुरुष उंचीचा, ताणलेल्या कापडावर चित्रे रंगविलेला एक प्रचंड कंदील. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना छळले असेल किंवा हसविले असेल, त्याची त्यावर यथेच्छ टवाळी केलेली असते.

सेंट मार्टिनच्या मनोऱ्यातून चारचे ठोके पडले. त्याच क्षणी शहरातील रस्त्यांवरचे सगळे दिवे एकदम विझले.

अंधार पडला. हजारो माणसांनी एकदम श्वास रोखला, तो ऐकू आला. मग अंधारात कोणीतरी आज्ञा दिली, आणि शहराच्या कानाकोपऱ्यांतून, प्रत्येक गल्लीतून, एकाच क्षणी ढोल आणि पिकोलो बासऱ्या वाजू लागल्या. कंदील उजळून हलू लागले. ढोलाचा पहिला घाव कानांवर पडत नाही, तो छातीवर पडतो. ती तेथे उभी होती, आणि नव्हतीही.

ती सहा वर्षांची होती. अंगणात पेटलेल्या मशाली, ढोल-ताशांचा कल्लोळ, आणि काळ्या पोशाखातला, कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर उड्या मारीत तिच्याच रोखाने येत होता. ती किंचाळून आईच्या पदरात शिरली. तेथून खाली पाहताना तिला संकासुराचे अनवाणी पाय दिसले. उजव्या अंगठ्यावर विळा लागल्याची जुनी, वाकडी खूण होती. ती खूण तिच्या ओळखीची होती. ती पदरातून बाहेर आली आणि संकासुराकडे पाहून गालांतल्या गालांत हसली. आणि सगळ्या गावाला भिवविणारा तो संकासुर एक क्षण आपली उडी विसरून उभा राहिला. त्यानंतर दरवर्षी वडील सोंग घेत, आणि दरवर्षी तिने ते गुपित राखले.

"मुलांचे मंडळ आले," आजी तिच्या कानाशी म्हणाल्या. समोरून लहान लहान ढोलकरी येत होते. सगळ्यांचे मुखवटे सारखे, पोशाख सारखे. यांतला आपला मुलगा कोणता, हे पाहण्यासाठी ती वाकून मुखवट्यांकडे पाहू लागली. आजींनी तिचा दंड दाबला. "तोंडाकडे पाहू नकोस. तोंड खोटे असते. ढोलाच्या कड्याकडे पाहा. डाव्या बाजूला एक खोक आहे. १९८० च्या सुमाराची. आमचे यजमान जिन्यावरून पडले होते."

डावीकडून तिसरा ढोल. कड्याला खोक होती. मुलगा ताठ मानेने, एकाही ठोक्याला न चुकता, त्यांच्यावरून निघून गेला. मुखवट्यामागचा माणूस आपण ओळखला, असे फासनाख्तमध्ये कधी दाखवावयाचे नसते. आजींनीही दाखविले नाही. फक्त ढोल दिसेनासा होईपर्यंत त्यांची काठी जमिनीवर तोच ठेका धरीत होती.

उजाडता उजाडता दोघींनी एका खानावळीत शिरून त्या दिवसाचे ठरलेले खाणे घेतले: तपकिरी होईपर्यंत भाजलेल्या गव्हाच्या पिठाचे दाट सूप. ते चवीला विशेष आहे, असे म्हणवत नाही. पण त्याला लाडवांचे पीठ भाजतानाच्या स्वयंपाकघराचा वास होता, आणि तिने दोन वाट्या घेतल्या.

घरी येताच तिने डोंबिवलीस फोन लावला. "आई, यंदा आपले दार उघडायचे. शेजारच्या काकूंना मी सांगते."

"अगो बाय, घरचे माणूस नसताना दार उघडून काय करायचे? पालखीसमोर उभे कोण राहणार?"

"ते मी पाहते," ती म्हणाली. आणि हजारो मैलांवरून आपण काय पाहणार, हे तिलाही कळत नव्हते. मग तिने गावी काकूंना फोन केला आणि घाबरत घाबरत विनंती केली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"चावी आमच्याकडेच आहे," काकू म्हणाल्या. "अंगण कालच सारवून झाले. तुझा फोन आला नसता तर आम्ही दार बंद ठेवले असते, असे वाटले का तुला?"

तिच्याने उत्तर देववले नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले, हे कळले नाही. गाड्यांवरचे लांब नाकाचे वागिस तिच्या डोक्यावर कागदी टिकल्यांचा वर्षाव करीत. त्या टिकल्या नेहमी एकाच रंगाच्या असतात. रंग मिसळलेले दिसले, तर त्या जमिनीवरून गोळा केल्या असे लोक समजतात. खानावळींतून गायक चालू घडामोडींवर तिरकस कवने म्हणत. ती बासेलच्या बोलीत असल्याने तिला निम्मीही कळत नसत. पण शिमग्यात गावच्या पुढाऱ्यांची टर उडविताना लोक कसे हसतात, ते तिला ठाऊक होते, म्हणून ती योग्य जागी हसे. मंगळवारी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा भेटला. "सोमवारी पहाटे खूप आवाज होता. झोप झाली का?" तिने गंभीरपणे विचारले. "हो. मी तर घरीच होतो," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना. गुरुवारी पहाटे चारला शेवटचा ठोका पडला आणि थोड्याच वेळात रस्ते झाडणारे आले.

वाडीची पाळी होळीनंतर दोन दिवसांनी, शनिवारी होती. बासेलमध्ये सकाळचे साडेसहा आणि कोकणात अकरा वाजले असताना तिचा फोन वाजला. पडद्यावर तिचे अंगण होते. दार सताड उघडे होते. उंबऱ्याशी समई तेवत होती. ढोल-ताशांच्या गजरात काका आणि वाडीतली मंडळी पालखी खांद्यांवर घेऊन नाचवीत होती. मग पालखी थांबली. काकूंनी आईच्या नावाने ओटी भरली आणि गुरव गाऱ्हाणे घालू लागले. घरातल्या एकेकाचे नाव घेऊन झाल्यावर ते अडले. लेक कोणत्या गावी आहे, असे त्यांनी मागे वळून विचारले. "बासेल, बासेल," गर्दीतून कोणीतरी ओरडले. ढोलाच्या आवाजात त्यांना ते नीट ऐकू आले नसावे. त्यांनी हात जोडून खड्या आवाजात सांगितले, "आणि लेक जिथे कुठे बसेल, तिथे तिला सुखी ठेव!"

ती हसत होती आणि डोळे पुशीत होती, तोच दारावर काठीचा ठोका पडला. दारात आजी उभ्या होत्या. एवढ्या सकाळी ढोल वाजविणे कोणत्या नियमात बसते, हे विचारावयास त्या जिने चढून आल्या होत्या, हे उघड होते.

"आज शनिवार आहे!" ती घाईने म्हणाली.

आजींनी फोनच्या पडद्याकडे पाहिले. मान थोडी कलती करून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "ढोलकरी चांगले आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "मुखवटेवाले कोठे आहेत?"

मार्च संपण्यापूर्वी तिने करार एक वर्षाने वाढविला; मात्र फाल्गुनात रजा मिळावी, अशी एक अट घातली. फाल्गुन म्हणजे कोणता महिना, हे कार्यालयाला समजावून सांगण्यात एक दुपार गेली.

डिसेंबरात आईने पुढल्या सालाची दिनदर्शिका पाठविली. आता ती काठीशिवाय चालू लागली होती आणि पावसाळा संपताच गावच्या घरी परतलीही होती. दिनदर्शिका भिंतीवर लावताना दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा तेथेच होता. तिने लाल पेन्सिलीने दोन खुणा केल्या. २०२६ चा फासनाख्त २६ फेब्रुवारीच्या पहाटे संपत होता आणि होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. मध्ये विमानाने घरी पोचण्याइतके दिवस होते. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र असे जमणार नव्हते. मध्ये अधिक मास येतो; त्यामुळे २०२७ मध्ये फासनाख्त १५ फेब्रुवारीला, तर होळी मार्चच्या उत्तरार्धात. चंद्र असा दोन प्रकारे का वागतो, हे तिने त्याला कागदावर आकडे मांडून दाखविले. ते त्याला पटले नाही. त्याला दुसरेच काही विचारावयाचे होते.

"तुमचा तो काळा मुखवटेवाला," तो म्हणाला, "तो बूट घालतो का?"

"नाही. तो अनवाणी असतो."

मुलाने क्षणभर विचार केला. "मग तो लगेच ओळखू येत असेल," तो म्हणाला.